हाक ‘सिस्टर’ची, वाट नर्स होण्याची

सकाळी मनोरीच्या जेट्टीवर उभे राहिले की समोर मार्वे दिसते. मध्ये फक्त खाडी. फेरीबोटीत मासळीच्या टोपल्या असतात, शाळा-कॉलेजची मुले असतात, दुचाक्या असतात आणि उपनगरांत कामाला निघालेल्या बायका असतात. मार्वेला उतरायचे, बेस्टची बस पकडायची, मालवणीवरून मालाड स्टेशन गाठायचे आणि मग लोकल. मनोरी मुंबई महापालिकेच्याच हद्दीत आहे. पण खाडी न ओलांडता शहरात यायचे तर गोराई-उत्तनवरून भाईंदरचा मोठा वळसा घालावा लागतो. म्हणून इथल्या माणसाचा दिवस घड्याळाइतकाच बोटीवर चालतो.

या बोटीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणू या. तिला नाव द्यायला नको, कारण अशा मुली एक-दोन नाहीत. मनोरीत आहेत, मालवणीत आहेत, कुर्ल्यात आणि मुंब्र्यातही आहेत. मुलगी दहावी झाली. अब्बांची कमाई आज आहे तर उद्या नाही. पाठीमागे दोन भावंडे शिकतात. ओळखीच्या एका खालाने ब्युरोचा पत्ता दिला आणि ब्युरोने तिला बोरिवलीच्या एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींजवळ पाठवले. ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ. आजींना स्पंज करायचा, डायपर बदलायचा, भरवायचे, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, लघवीची पिशवी रिकामी करायची, ताप बघून वहीत लिहायचा. घरातले सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. लिफ्टमध्ये भेटणारे शेजारीही विचारतात, “सिस्टर, आजी कशा आहेत?” तिला ते ऐकायला बरे वाटते.

मग एके दिवशी आजींचा मुलगा ऑफिसला निघताना म्हणतो, “सिस्टर, आजपासून इन्सुलिनचं इंजेक्शन तुम्हीच देत जा. एवढं तर येतच असेल ना?”

तिथे ती अडखळते. सुई टोचताना तिने पाहिलेले आहे. पण किती युनिट, जेवणाआधी की नंतर, साखर आधीच कमी असेल तर काय करायचे, हे तिला कोणी शिकवलेले नाही. हाक सिस्टरची आहे, पण ज्ञान आणि हक्क सिस्टरचा नाही. ही दरी कशी ओलांडायची, हाच या लेखाचा विषय आहे.

सहाय्यक वेगळी, नर्स वेगळी

आपल्याकडे पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली प्रत्येक बाई लोकांना नर्सच वाटते. प्रत्यक्षात रुग्णाच्या खाटेभोवती वेगवेगळ्या पायऱ्यांची माणसे काम करतात.

पहिली पायरी सहाय्यकाची. हॉस्पिटलात तिला आया, मावशी किंवा पेशंट अटेंडंट म्हणतात. कौशल्य विकासाच्या अभ्यासक्रमांत याच कामाला ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असे नाव आहे. हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. रुग्णाची स्वच्छता, खाणेपिणे, हालचाल, सोबत आणि निरीक्षण हे तिचे काम. काम मोलाचे आहे, पण या प्रमाणपत्रावर कोणीही नर्स होत नाही.

दुसरी पायरी ए.एन.एम.ची, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविका. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रांत लसीकरण आणि बाळंतपणाचे काम पाहणाऱ्या नर्सबाई बहुधा ए.एन.एम. असतात.

तिसरी पायरी जी.एन.एम.ची. ही तीन वर्षांची पदविका. चौथी बी.एस्सी. नर्सिंगची, म्हणजे चार वर्षांची पदवी. जी.एन.एम. झालेल्या नर्सला पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळवता येते.

सहाय्यक आणि नर्स यांच्यातली खरी रेघ नोंदणीची आहे. देशात भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने आली. आपल्या राज्यात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल नोंदणी करते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदाही मंजूर केला. मान्यताप्राप्त संस्थेतून शिकून, परीक्षा उत्तीर्ण होऊन कौन्सिलच्या नोंदवहीत जिचे नाव चढते, ती नर्स. बाकी कोणी कितीही वर्षे रुग्णसेवा केली तरी कायद्याच्या दृष्टीने ती नर्स नाही.

हे कडू वाटेल. दहा वर्षे खाटेशेजारी राबलेल्या बाईला काल कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीच्या हाताखाली काम करावे लागते. पण औषधाच्या एका चुकीने माणूस दगावू शकतो. रुग्णाचा जीव ही अमानत आहे, आणि अमानत सांभाळायला इल्म लागतो.

मदिन्यातला तंबू

“आपल्या घरातली मुलगी परक्यांच्या आजारपणात राबणार?” हा प्रश्न अजूनही काही घरांत विचारला जातो. अशा वेळी हजरत रुफैदा (रजि.) यांची आठवण करून द्यावी. त्या मदिन्यातल्या असलम कबिल्याच्या. जखमींची शुश्रूषा करण्यासाठी त्यांनी मस्जिदे नबवीत तंबू उभारला होता. हिजरी सन ५ मध्ये, म्हणजे इ.स. ६२७ मध्ये, खंदकाच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) बाणाने जखमी झाले. तेव्हा त्यांना रुफैदांच्याच तंबूत ठेवण्यात आले.

त्या एकट्या नव्हत्या. हजरत उम्मे अतिया (रजि.) सात लढायांत सोबत गेल्या, त्या स्वयंपाक करत, जखमींवर उपचार करत आणि आजाऱ्यांची देखभाल करत. हजरत रुबैयिअ बिन्त मुअव्विज (रजि.) जखमींना पाणी पाजत. हे सारे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या माहितीत आणि संमतीने होत होते. तेव्हा शुश्रूषेचे काम आपल्या परंपरेला परके आहे, असे म्हणता येत नाही.

युरोपात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात परिचारिकांची शाळा सुरू केली ती १८६० मध्ये. त्यांचा १२ मे हा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. रुफैदांचा तंबू त्याच्याही सव्वाबाराशे वर्षे आधीचा.

मुंबई-पुण्याची जुनी शाळा

आपल्या मुंबईतही हे शिक्षण फार जुने आहे. स्त्रिया आणि मुलांसाठीचे कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी देणगी दिली होती आणि तिथे स्त्री डॉक्टर असाव्यात असा आग्रह होता. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची तिथल्या प्रमुख झाल्या आणि त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले. पडद्यात राहणाऱ्या हिंदू-मुस्लिम बायका पुरुष डॉक्टरकडे जायला तयार नसत. त्यांना हात लावायला बाईच हवी, ही त्या काळाची गरज होती.

पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. या संस्थेने ससून हॉस्पिटलात शुश्रूषेचे शिक्षण घ्यायला मुली पाठवल्या. त्यांत तरुण विधवाही होत्या. परजातीच्या रुग्णाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, रात्रपाळी करायची, यावर त्या काळात किती कुजबुज झाली असेल याची कल्पना करावी. तरीही त्या मुली गेल्या. ज्यांना घरात अन्न मोजून मिळत होते, त्या पगार घेऊ लागल्या.

म्हणजे आज आपल्या मोहल्ल्यात जी कुजबुज होते, ती शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या पेठांतही झाली होती. तिथे ती मागे पडली, आपल्याकडेही पडेल.

कोणत्या पायरीवरून कुठे जाता येते

आता बोटीतल्या मुलीकडे परत येऊ. तिच्याकडे दहावीचे प्रमाणपत्र आहे आणि हातात ब्युरोची नोकरी. पुढची वाट अशी.

पहिले काम बारावीचे. नोकरी करता करता कॉलेजात रोज हजर राहणे जमत नसेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थिनी म्हणून परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही (एन.आय.ओ.एस.) बारावी करता येते. इंग्रजी विषय मात्र सोडू नये, कारण जी.एन.एम.ला तो लागतोच.

जी.एन.एम.साठी बारावीला इंग्रजीसह किमान ४० टक्के गुण हवेत. शाखा कोणतीही चालते, पण विज्ञान असेल तर चांगले. वय १७ पूर्ण हवे आणि ३५ च्या आत. बी.एस्सी. नर्सिंगसाठी मात्र बारावी विज्ञान, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, शिवाय राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. म्हणून अकरावीत शाखा निवडतानाच मुलीच्या मनात काय आहे ते विचारावे. कला शाखा घेतल्यावर बी.एस्सी.चा दरवाजा बंद होतो, पण जी.एन.एम.चा उघडा राहतो.

एकदम तीन वर्षे झेपणार नसतील तर आधी ए.एन.एम. करता येते. नोंदणीकृत ए.एन.एम.ला पुढे जी.एन.एम.ला प्रवेश मिळू शकतो आणि तिला वयाची अटही आड येत नाही. लग्नानंतर, मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू इच्छिणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

मुंबईत के.ई.एम., नायर आणि सायन या महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत नर्सिंगचे शिक्षण मिळते. जे.जे.च्या आवारात सरकारी परिचर्या शिक्षण संस्था आहे. सरकारी आणि पालिकेच्या संस्थांत फी कमी असते आणि वसतिगृहाची सोयही असते. साहजिकच तिथे चुरसही जास्त. म्हणून बारावीचे गुण ‘पास झालो, बस्स’ एवढ्यावर सोडू नयेत.

नोकरी आणि शिक्षण एकत्र: हिशेब खरा मांडा

“दिवसा काम करीन, रात्री शिकेन,” असे अनेक मुली म्हणतात. बारावीपर्यंत हे चालते. नर्सिंगला चालत नाही. हे आधीच कळलेले बरे.

ए.एन.एम., जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंग हे तिन्ही पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत. घरबसल्या, टपालाने किंवा फक्त रविवारच्या वर्गांतून ते होत नाहीत. वर्गात ८० टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातले प्रात्यक्षिक तर शंभर टक्के भरून द्यावे लागते. विद्यार्थिनींना स्वतःच्या रात्रपाळ्याही असतात. वॉर्डात आठ तास उभे राहून आलेली मुलगी पुन्हा बारा तास दुसरीकडे अटेंडंट म्हणून उभी राहिली, तर तिसऱ्या महिन्यात ती आजारी पडेल किंवा नापास होईल.

मनोरीच्या मुलीसाठी प्रवास हा आणखी एक विषय. बोट, बस आणि लोकल धरून परळपर्यंत पोचायला पावणेदोन-दोन तास सहज जातात. येण्या-जाण्याचे चार तास, वॉर्ड आणि वर्गाचे आठ, म्हणजे बारा तास गेले. झोप सात तासांची धरली तर उरले पाच. त्यात जेवण, नमाज, कपडे आणि अभ्यास. शिवाय रात्री उशिरा बोट बंद होते. म्हणून अशा मुलीने वसतिगृहाचाच विचार करावा.

मग नोकरी कधी? तिचे तीन टप्पे पाडता येतात.

पहिला टप्पा बारावी होईपर्यंतचा. या काळात नोकरी पूर्णवेळ आणि अभ्यास फावल्या वेळात. रुग्ण झोपलेला असतो, तेव्हा मोबाइल बघण्याऐवजी पुस्तक काढता येते. आधी मात्र घरच्यांना विचारावे. “अंकल, आजी झोपल्यावर मी अभ्यास केला तर चालेल का?” असे सरळ विचारले तर बहुतेक घरांत कोणी नाही म्हणत नाही.

दुसरा टप्पा प्रवेशापूर्वीच्या बचतीचा. समजा, दिवसाला ६०० रुपये हाती येतात आणि महिन्याला २६ दिवस काम आहे. १५,६०० रुपये झाले. त्यातले ३,००० दर महिन्याला वेगळ्या खात्यात गेले तर दोन वर्षांत ७२,००० रुपये जमतात. सरकारी संस्थेत शिकताना या रकमेचा मोठा आधार होतो. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. प्रत्येकीने आपले आकडे घालून पाहावेत. ब्युरो पगारातून किती कमिशन कापते, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्यावे.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष शिक्षणाचा. यात काम फक्त सुट्टीच्या दिवशी, तेही संस्थेचे नियम बघून आणि परीक्षेच्या महिन्यात अजिबात नाही. या काळात घरी पैसे पाठवण्याचे ओझे मुलीवर टाकू नये. ही तीन वर्षे घराने तिला द्यावीत. पुढची तीस वर्षे ती घराला देईल.

इंग्लंडमध्ये सहाय्यकांसाठी ‘नर्सिंग असोसिएट’ नावाची मधली पायरी केली आहे आणि २०१९ पासून त्यांची स्वतंत्र नोंदणीही होते. पगार घेत घेत नर्सिंगची पदवी मिळवण्याची शिकाऊ योजनाही तिथे आहे. आपल्याकडे सहाय्यकाच्या अनुभवाचे गुण धरून थेट नर्सिंगला प्रवेश देणारा असा पूल नाही. तो असायला हवा, ही मागणी योग्यच आहे. पण पूल होईपर्यंत बोटीनेच जायचे आहे.

कामातूनच अभ्यास

सहाय्यकाची नोकरी नर्सिंगला थेट प्रवेश देत नाही, हे खरे. पण वर्गात ती फार मोठी मदत करते. पहिल्या वर्षाच्या अनेक मुली रक्त बघून घाबरतात, उलटीच्या वासाने बाहेर पळतात, रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे ते त्यांना समजत नाही. अटेंडंट म्हणून राबलेल्या मुलीचा हा टप्पा कधीच ओलांडलेला असतो.

तिची अडचण असते ती भाषेची. जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय असतात आणि पुस्तके इंग्रजीत. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात. म्हणून नोकरीत असतानाच एक वही करावी आणि कानावर पडणारा प्रत्येक शब्द त्यात लिहावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘बी.डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा, ‘एच.एस.’ म्हणजे झोपताना, ‘एस.ओ.एस.’ म्हणजे गरज पडली तरच. ‘एन.बी.एम.’ म्हणजे तोंडाने काहीही द्यायचे नाही, अगदी पाणीसुद्धा नाही. ‘टी.पी.आर.’ म्हणजे ताप, नाडी आणि श्वास.

मोठ्या माणसाची नाडी शांत असताना मिनिटाला ६० ते १०० असते, श्वास १२ ते २०. शरीराचे तापमान साधारण ९८.६ अंश फॅरनहाइट. हे आकडे पाठ असलेली मुलगी बदल लगेच ओळखते आणि वेळेवर घरच्यांना किंवा नर्सला सांगते. आजींना दर दोन तासांनी का वळवायचे, याचेही कारण समजून घ्यावे. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि माकडहाडावर, टाचांवर, कुल्ह्यांवर जखमा होतात. आधी कातडी लाल दिसते. ती लाली ज्या सहाय्यकाला वेळेवर दिसली, तिने रुग्णाचे महिन्या-महिन्यांचे हाल वाचवले.

हात धुण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी अशा स्रावांशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबण-पाण्याने धुताना ४० ते ६० सेकंद लागतात. दिवसातून पाच वेळा वुझू करणाऱ्या मुलीला बोटांच्या फटीत पाणी पोचवायची सवय लहानपणापासून असते. त्यात साबण आणि हे पाच प्रसंग तेवढे मिळवायचे.

फसवणुकीपासून सावध

स्टेशनबाहेरच्या भिंतींवर जाहिराती असतात: ‘सहा महिन्यांत नर्सिंग, दहावी नापास चालेल, शंभर टक्के नोकरी.’ अशा ठिकाणी हजारो रुपये भरून मुली एक छापील प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. त्याच्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही, सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येत नाही. पैसे जातात, त्याहून वाईट म्हणजे वय जाते.

प्रवेशाआधी चार गोष्टी तपासाव्यात. एक, संस्थेचे नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का. दोन, परीक्षा कोण घेते; ए.एन.एम. आणि जी.एन.एम.च्या परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या असतात आणि बी.एस्सी.च्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. तीन, प्रात्यक्षिकासाठी कोणते हॉस्पिटल आहे आणि तिथे खाटा किती. चार, भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळते का. या चारांपैकी एकाचे जरी उत्तर टाळले गेले, तर तिथून उठून यावे.

आपल्या कोकणी घरांना आखाती देश नवे नाहीत. “दुबईला नर्सची नोकरी लावतो,” असे सांगणारे एजंटही नवे नाहीत. तिकडे नर्स म्हणून काम करायचे तर मान्यताप्राप्त शिक्षण, आपल्याकडची नोंदणी, अनुभव आणि त्या देशाची परवाना परीक्षा हे सर्व लागते. सहा महिन्यांच्या कागदावर गेलेल्या मुलीला तिकडे घरकामच मिळण्याची भीती असते.

पैसा आणि घर

फीसाठी मदतीचे मार्ग आहेत. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरता येतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. २०२४ मध्ये राज्याने कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी जाहीर केली. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला आणि संस्थेला कोणती सवलत लागू आहे, हे प्रवेशावेळी कार्यालयात विचारून घ्यावे. जमातींनीही जकात आणि बैतुलमालचा काही हिस्सा गरजू नर्सिंग विद्यार्थिनीसाठी ठेवावा. महिनाभराचे राशन एक महिना पुरते. एका मुलीचे शिक्षण पूर्ण झाले की ते घर पुढे स्वतःच जकात देऊ लागते.

अम्मी-अब्बांच्या मनात वेगळीच काळजी असते. रात्रपाळी, पुरुषांचे वॉर्ड, वसतिगृह. या काळज्या खोट्या नाहीत आणि त्यांची चेष्टा करू नये. नर्सिंगच्या शिक्षणात सगळ्या वॉर्डांत काम करावेच लागते, हे आधी मान्य करावे. मग अब्बांनी स्वतः जाऊन वसतिगृह पाहावे, मेट्रनला भेटावे, नमाजची आणि रमजानमधल्या सहरी-इफ्तारीची सोय विचारावी. वॉर्डात इफ्तारच्या वेळी सोबतिणी एकमेकींची खाट सांभाळतात, एक खजूर आणि घोटभर पाणी घेऊन पुन्हा कामाला लागतात. मुलीला घरात कोंडून काळजी मिटत नाही. चांगली जागा शोधून दिली की मिटते.

आणि स्थळ बघायला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बाळंतपणाच्या वेळी आपल्या सुनेजवळ बाई नर्स असावी, असे प्रत्येक सासूला वाटते. ती नर्स कोणाची तरी मुलगीच असणार. मग ती आपल्या घरातली का नसावी?

पुन्हा त्या खोलीत

आजींच्या खोलीत ती मुलगी अजून उभी आहे. मुलगा घाईत आहे आणि इन्सुलिनची बाटली टेबलावर आहे. ‘हो’ म्हटले तर तिची वट वाढेल. कदाचित पगारही वाढेल. ‘नाही’ म्हटले तर नोकरी जाण्याची भीती.

तिने असे म्हणावे: “दादा, मी अटेंडंट आहे, नर्स नाही. इंजेक्शन मला शिकवलेलं नाही, मी दिलं आणि चुकलं तर आजींच्या जिवाशी खेळ होईल. तुम्ही द्या किंवा नर्सला बोलवा. मी साखर कधी तपासली, आजी काय जेवल्या, सगळं लिहून ठेवते.”

हे बोलायला हिंमत लागते. पण असे सांगणाऱ्या मुलीवर घर जास्त विश्वास ठेवते, हे अनुभवी बायका सांगतील. आणि हा नकार जी मुलगी आज देऊ शकते, तीच उद्या चांगली नर्स होते. कारण आपल्याला काय येत नाही हे ओळखणे, हाच या पेशाचा पहिला धडा आहे.

रात्री आठला ड्युटी संपते. लोकल, बस आणि मग मार्वेचा धक्का. बोटीला दहा मिनिटे आहेत. पिशवीत डब्याखाली बारावीचे इंग्रजीचे पुस्तक आहे. भगिनींनो, आपल्या ओळखीत अशी मुलगी असेल तर तिला आज एवढेच विचारा: “बेटी, १७ नंबरचा फॉर्म भरलास का?” भरला नसेल तर उद्या तिच्यासोबत जा.